देवी गुरुवारी येत नाही

मी देवीचं मनगट धरलं तेव्हा घराच्या पुढच्या सोप्यात गावातल्या पंधरा-वीस बायका बसल्या होत्या, आणि त्यांच्यातल्या एकीचाही श्वास ऐकू येत नव्हता.

देवी म्हणजे माझी सासू, बायाक्का. मिरजेच्या आसपास आम्ही सासूला आत्ती म्हणतो. दर मंगळवारी दुपारी आत्ती मळवट भरून घोंगड्यावर बसायच्या आणि बहुतेक मंगळवारी त्यांच्या अंगात गावची मरगुबाई यायची. छाती भात्यासारखी वरखाली व्हायची, कपाळावर घाम डवरायचा, आणि आत्ती डोळे मिटून घुमायला लागायच्या. मग आवाज बदलायचा. एरवी मांजरालासुद्धा हळू आवाजात हाकलणाऱ्या बाईच्या तोंडून असा घोगरा, दमदार आवाज निघायचा की भल्याभल्यांनी टोप्या काढून हातात घ्याव्यात. देवी जे सांगायची ते मात्र साधंच असायचं. जावेचं पातेलं परत कर, पोरीला दवाखान्यात ने, नवऱ्याला म्हणावं दारू सोड नाहीतर मी बघून घेते. ऐकायचे सगळे.

त्या मंगळवारी गणपाअण्णा आले होते. सत्तरीचे, आडदांड, गावात शब्दाला वजन. त्यांचा एकुलता एक मुलगा अपघातात गेला होता आणि घरात सून उरली होती, शालन. पोरगी गुणाची, अण्णांनी तिला लेकीसारखी सांभाळलेली. तिला जयसिंगपूरच्या श्रीकांतनं मागणी घातली होती. हा श्रीकांत विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा, आणि त्या वर्षी अण्णांची मोटार जरा जास्तच वेळा जळत होती. शालनच्या मनात काय आहे ते सगळ्या गावाला दिसत होतं, अण्णांनाही दिसत होतं. पण विधवा सुनेचं लग्न सासऱ्यानंच लावून द्यायचं म्हणजे भावकीत तोंड कुठं दाखवायचं, या विचारानं म्हातारा अडून बसला होता.

"आई," अण्णा हात जोडून म्हणाले, "सुनंचं काय करू? तू सांगशील त्ये करीन. तू सांगितल्यावर भावकी बी काय बोलायची न्हाई."

शालन दाराआड उभी होती. देवी घुमत होती, ओठ हलायला लागले होते. आणि मी पाया पडायला म्हणून पुढं झाले, ते सवयीनं मनगटच धरून बसले.

मी मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स होते, तीही हृदयाच्या विभागात. लग्न होऊन सहा महिने झाले होते. माणसाचा हात हातात आला की माझी बोटं आपोआप नाडीवर जातात, त्याला माझा इलाज नाही. आत्तींची नाडी शाळेच्या घंटेशी वात्रट पोरं खेळावीत तशी चालली होती. एक ठोका, मग दोन एकदम, मग गप्प, मग पळापळ.

"आत्ती, आडव्या व्हा," मी म्हणाले. "कुणीतरी दार मोकळं करा, वारा येऊ दे."

"अगं, शिवू नगंस, देवी हाय," एक म्हातारी कळवळली.

आत्तींनी डोळे उघडले. माझ्याकडं पाहिलं, मग अण्णांकडं.

"गेली," त्या आपल्या रोजच्या आवाजात म्हणाल्या. "गेली बघ देवी."

बायकांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेले आणि नसलेली भांडी घासायला लागले. संध्याकाळी माझा नवरा दिगंबर एवढंच म्हणाला, "नर्सपणा मिरजंत करायचा, देवापुढं न्हवं." पण आईला दवाखान्यात न्यायला तोच मोटारसायकल काढून तयार राहिला.

तिथं माझी पुरती फजिती झाली. छातीला तारा लावल्या, कागद निघाला आणि कागदावर सगळं ठाकठीक. आत्ती खुशीत.

"बघा," त्या आमच्या डॉक्टर हुक्केरींना म्हणाल्या, "ही पोरगी देवीला आजार म्हणाय लागलीया."

डॉक्टर हुक्केरी अत्यंत खरा माणूस. पेशंटला बरं वाटावं म्हणूनसुद्धा खोटं बोलणार नाहीत. ते म्हणाले, "आजी, हे येतं आणि जातं. आलेलं असताना पकडायला पाहिजे." आणि त्यांनी एक डबीएवढं यंत्र आत्तींच्या पदराखाली बांधून दिलं. दिवसरात्र ठोके टिपत बसणारं.

यंत्र बुधवारी बांधलं आणि शुक्रवारी काढलं. त्यात जे निघालं ते डॉक्टरांनी आत्तींना कागद समोर धरून दाखवलं. ही गडबड गुरुवारी दुपारी, ही गुरुवारी रात्री झोपेत, ही शुक्रवारी पहाटे.

"गुरवारी?" आत्तींचा चेहरा पडला. "देवी गुरवारी येत न्हाई."

"गुरुवारी दुपारी काय करत होता?"

"भाकऱ्या थापत हुतो." आमच्याकडं बायका 'हुतो, गेलो' असंच बोलतात. मग त्या हळूच म्हणाल्या, "धडधडत हुतं खरं. मला वाटलं जाळ लागतोय."

डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. हृदयाचे वरचे कप्पे एका ठेक्यात आवळायचे सोडून नुसते थरथरतात. तिथं रक्त साकळतं, गुठळी होते, ती मेंदूत गेली तर अर्धं अंग लुळं पडतं. फुफ्फुसाकडून येणाऱ्या नसा हृदयाला जिथं मिळतात, तिथून या वात्रट विजा उठतात. जांघेतल्या नसेतून बारीक नळी वर हृदयापर्यंत न्यायची, त्या तोंडांभोवती गोल डाग द्यायचे. वीज आतल्या आत कोंडून राहते.

"म्हंजे बांध घालायचा म्हणा की," आत्ती म्हणाल्या.

"बरोबर. बांधच."

"देवीच्या वाटंवर."

डॉक्टर माझ्याकडं पाहायला लागले.

घरी येऊन चुलीपुढं बसल्यावर आत्ती म्हणाल्या, "वैजू, तुझं आपरेशन करू. पर आदी गणपाला उत्तर जाऊ दे. शालन माझ्या तोंडाकडं बघत बसलीया. देवी एकदा येऊन बोलली म्हंजे मग बांध घाल न्हाईतर भित्ताड घाल."

ठरलं. आणि त्यानंतर देवीनं जे तोंड फिरवलं म्हणता. एक मंगळवार गेला, दुसरा गेला. आत्ती मळवट भरून बसायच्या, बायका ऊद घालायच्या, गणपाअण्णा टोपी हातात घेऊन बसायचे, आणि छाती आपली शांत. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या लागू पडल्या होत्या. त्या गोळ्यांनी आत्तींना चक्कर यायची, उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची, पण मंगळवारी नेमकी देवी तेवढी येईना. देव द्यायला लागला तर नको ते आधी देतो म्हणतात, त्यातली गत.

न राहवून मी म्हणाले, "आत्ती, थोडं घुमल्यासारखं करा की. कुणाला कळतंय?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं आता परातच डोक्यात बसते.

"म्या आजवर खोटं घुमलेलो न्हाई," त्या म्हणाल्या. "छातीत हाललं तवाच तोंड उघडलं."

"मग सरळ बायाक्का म्हणून सांगा. अण्णा, पोरीचं लग्न लावून द्या म्हणावं."

"बायाक्काचं कोण ऐकतंय?" त्या भाकरी उलटत म्हणाल्या. "तुझा सासरा हुता तवर ह्या घरात मी मीठ कमी हाय एवढं बी बोललो न्हाई. माझ्या तोंडाला हितं किंमत न्हवतीच कवा. तिच्या तोंडाला हाय."

त्या चिडून बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या अगदी सहज बोलल्या. या बाईला मी सहा महिने भोळी समजत होते, आणि तिला आपली जागा माझ्यापेक्षा चांगली माहीत होती.

पुढचा मंगळवार यायच्या आतच एका सकाळी आत्तींच्या हातातून तांब्या पडला. पडला तो पडला, उचलताच येईना. उजवा हात जणू दुसऱ्याचा झाला होता आणि जीभ जड झाली होती. आम्ही मिरजेला पोचेपर्यंत हात पुन्हा आपला झाला, बोलणंही सुधारलं, पण डॉक्टरांचा चेहरा काही सुधारला नाही. "ही सूचना होती," ते म्हणाले. "सूचना पुन्हा मिळतेच असं नाही." त्यांनी रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू केल्या आणि म्हणाले, मेंदूची तपासणी करून घेऊ, मग आता थांबायचं नाही.

आत्ती तरीही "गणपाचं उत्तर" करत होत्या. तेव्हा भेटायला आलेली शालन त्यांच्या खाटेशी बसली आणि डोळे पुसून म्हणाली, "मावशी, माझं लगीन ऱ्हाऊ दे. तुमी ऱ्हावा."

आत्तींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "घाल बाई तुझा बांध."

सगळ्या तपासण्या नीट आल्यावर दिवस ठरला. डॉक्टरांनी मला आत आत्तींच्या उशाशी उभं राहायची परवानगी दिली. शिशाचा जड एप्रन अंगावर चढवून मी उभी. आत्तींना झोपेचं औषध बेतानं दिलं होतं, म्हणजे गुंगी असावी पण हाक मारली तर ओ द्यावी. आजूबाजूला पडदेच पडदे. एकावर त्यांच्या हृदयाचा रंगीत नकाशा, दुसऱ्यावर ठोक्यांच्या रेघा.

"आत्ती, आता अजिबात हलायचं नाही," मी कानाशी वाकून सांगितलं. "हललात तर नकाशा सरकतो."

"आन् देवी आली तर?"

"आली तरी हलायचं नाही. झोपूनच येऊ दे तिला."

"बरं," म्हणून त्यांनी डोळे मिटले.

डॉक्टर डाग देत गेले. नकाशावर एकेक लाल ठिपका उमटत होता आणि ठिपक्याला ठिपका जोडून कडं तयार होत होतं, रांगोळी काढावी तसं. मध्येच आत्ती पुटपुटल्या, "ऊन लागतंय," तेव्हा औषध थोडं वाढवलं. चारी नसांच्या तोंडांभोवतीची कडी पुरी झाली आणि डॉक्टरांनी पाठ सरळ केली.

"आता ती गडबड मुद्दाम उठवून बघतो," ते म्हणाले. "बांध पक्का असेल तर उठणार नाही."

काचेपलीकडच्या माणसानं यंत्रातून विजेचे चटके सोडले. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा सोडायला सांगितलं, आणि तेवढ्यात तो आवाज आला. घोगरा, दमदार, मंगळवारचा.

"गणपा," आत्ती म्हणाल्या. डोळे मिटलेले, अंग निश्चल. "पोरगी माझी हाय. तिला हळद लाव. तुझ्या हातानं लाव. आडवा आलास तर तुझ्या हिरीत पाण्याचा थेंब ठिवणार न्हाई."

आमचा तंत्रज्ञ जवळच्याच कवठे गावचा, मरगुबाईला मानणारा होता, त्यानं हातमोज्यांसकट नमस्कार केला. डॉक्टर हुक्केरी बेळगावच्या शिस्तीत वाढलेले, ते मास्कमधून म्हणाले, "गणपा कोण?"

मी पडद्याकडं पाहिलं. काय पाहिलं ते त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही आणि पुढं कित्येक वर्षं सांगितलं नाही.

"झालं," थोड्या वेळानं डॉक्टर म्हणाले. "बंद झालं. आजी, उत्तम झालं."

त्यानंतर पाय न वाकवता उताणं पडून राहायचं होतं, संध्याकाळपर्यंत. आत्तींना सगळ्यात अवघड गेलं ते हेच. आयुष्यात दिवसाउजेडी अंथरुणावर पडायची सवय नाही. छताकडं बघत म्हणाल्या, "मी आत काय बडबडलो काय गं?"

"तुम्हाला काही आठवत नाही?"

"न्हाई बाई," म्हणाल्या आणि लगेच झोपी गेल्या.

घरी आल्यावर पहिल्या मंगळवारी सोपा गच्च भरला. आत्तींनी मळवट भरला नाही, नुसतं कुंकू लावलं. घोंगडंही अंथरलं नाही. खाली बायकांमध्ये बसल्या आणि म्हणाल्या, "बायांनो, देवी गेली. डाक्टरनं बांध घातलाय. आता छातीत काय हालत न्हाई."

कुणी तोंडाला पदर लावला, कुणी माझ्याकडं रागानं पाहिलं. गणपाअण्णा कोपऱ्यात बसले होते. त्यांचे खांदेच खाली आले. "मग माझं उत्तर ऱ्हायलंच म्हणायचं," ते म्हणाले.

आत्तींनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्या जमिनीवरची न दिसणारी कणी वेचत होत्या.

"अण्णा," मी म्हणाले, "उत्तर आलंय. देवी जाताना बोलली. आपरेशनच्या टेबलावर." आणि मी शब्द न शब्द सांगितला, विहिरीसकट.

अण्णा उठून उभे राहिले. "मिशिनीत दिसली?"

"दिसली," मी म्हणाले. "आणि आमच्या डॉक्टरांनीही ऐकलंय."

अण्णा पक्के. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून ते मिरजेला गेले आणि डॉक्टर हुक्केरींच्या दारात बसून राहिले. डॉक्टर बाहेर आले तसा यांनी एकच प्रश्न टाकला, माझ्या नावानं काय बोलली. डॉक्टरांना खोटं बोलता येत नाही हे मी सांगितलंच आहे. ते म्हणाले, "हळद लाव म्हणाल्या. आणि विहिरीच्या पाण्याचं काहीतरी. गणपा म्हणजे तुम्हीच का?" देवीला एवढा भक्कम साक्षीदार आजवर कुठल्या गावात मिळाला नसेल.

अण्णा परत आले ते पेढ्यांचा पुडा घेऊनच. भावकीतल्या कुणी तोंड वाकडं केलं की ते म्हणायचे, "मिशिनीत आलीया ती. पाण्याला आडवा येतोस?" पाण्याला कोण आडवा येतोय. आणि म्हातारा स्वतः इतका हलका झाला होता की तुळशीपुढं मांडव घालायचा का देवळापुढं, यावर त्याचं कुणाशीही भांडण व्हायचं.

देवळापुढंच लग्न झालं. मरगुबाईचं देऊळ टेकाडावर आहे. पूर्वी वर चढताना आत्ती तीनदा बसायच्या, त्या दिवशी शालनचा हात धरून एका दमात वर गेल्या आणि वर जाऊन आम्हालाच म्हणाल्या, "या की लवकर." अण्णांनी आपल्या हातानं सुनेला हळद लावली, आणि लावताना लहान पोरासारखे रडले. शालनही रडली आणि रडता रडता हसली. हलगी वाजायला लागली तशी सगळ्या बायकांची नजर आत्तींवर. घुमतात की काय. आत्तींनी पदर खोचला आणि नुसत्या टाळ्या वाजवल्या, हलगीच्या बरोबरीनं, अगदी ठेक्यात. मी शेजारी उभी होते. मला इतका आनंद झाला की मी पण टाळ्या वाजवायला लागले, आणि माझाच ठेका चुकला.

पुढं एकदा-दोनदा आत्तींना जरा फडफडल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीचे तीन महिने असं होतं, घाबरू नका. मग तेही थांबलं. रक्त पातळ करायची गोळी मात्र त्या अजून घेतात, प्रसादासारखी कपाळाला लावून.

मंगळवार काही बंद पडले नाहीत. बायकांना सवय झालेली. ऊद नाही, मळवट नाही, आत्ती आपल्या सोप्यात शेंगा फोडत बसतात आणि तेच सांगतात. पातेलं परत कर, पोरीला दवाखान्यात ने. ऐकतात सगळे. आता वर चहा पण मिळतो.

परवा शालन, मुलगी शाळेत पहिली आली म्हणून, पेढे घेऊन आली होती. ती गेल्यावर आम्ही दोघीच शेंगा फोडत बसलो होतो. आत्ती म्हणाल्या, "वैजू, तवा त्या टीव्हीवर तुला काय दिसलं हुतं गं? मी बोलत हुतो तवा."

इतक्या वर्षांनी. मी शेंग हातात तशीच धरून बसले.

"काही नाही," मी म्हणाले. "ठोके एका ओळीत होते. पेरलेल्या भुईमुगासारखे."

"आन् गणपाला दिसली म्हणून सांगितलंस."

"सांगितलं."

आत्ती हसायला लागल्या, आवाज न करता, खांदे हलवत. "मला ठावं हुतं. छातीत काय बी हाललं न्हवतं."

"म्हणजे आत्ती, तुम्ही खोटं घुमलात?"

"घुमलो कुठं? तूच म्हणली हुतीस, हलायचं न्हाई." त्यांनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "तिनं माझं तोंड इतकी वर्सं वापरलं. जाता जाता मी एकडाव तिचं नाव वापरलं. फिटलं की."

आणि सूप माझ्याकडं सरकवून म्हणाल्या, "हात चालव. मंगळवार हाय, बायका येतील."